क्लच प्लेट बदलण्यापूर्वी : जुन्या मोटारसायकलचे दुखणे ओळखण्याची रीत

मोटारसायकल आज आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी हौसेची वस्तू राहिलेली नाही. मागच्या सीटवर कापडाचे तागे बांधून आठवडी बाजार गाठणारा फेरीवाला, कारखान्यातून सुताची पोती नेणारा कारखानदार, हत्यारांची पेटी लटकवून गावोगाव फिरणारा वेल्डर किंवा सुतार, या सर्वांची रोजी याच दोन चाकांवर चालते. यांतले बहुतेक लोक नवी गाडी घेत नाहीत. 1994 साली बाजारात आलेली स्प्लेंडर, त्याआधी 1985 मध्ये आलेली सीडी 100, यामाहा आरएक्स 100, लोखंडी इंजिनाची जुनी बुलेट, अशाच गाड्या ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने घेतात आणि वर्षानुवर्षे वापरतात. जुनी गाडी वापरण्यात कमीपणा काही नाही. मात्र तिचे दुखणे ओळखता आले नाही तर ती मालकाच्या खिशाला मोठे भोक पाडते.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो क्लच आणि चेनच्या कामात. गाडी ओढत नाही म्हणून माणूस गॅरेजमध्ये जातो आणि स्वतःच सांगून मोकळा होतो की, "उस्ताद, क्लच प्लेट गेल्या आहेत, टाकून द्या." उस्ताद प्लेटा टाकून देतो. दोन महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा उभी राहते. यात दरवेळी मिस्त्रीची बेइमानी असते असे समजू नये. गिऱ्हाईकाने रोगाऐवजी औषधाचेच नाव सांगितले, तर मिस्त्री तेच औषध देणार. म्हणून या लेखाचा मुद्दा एकच आहे. गॅरेजमध्ये निकाल सांगू नका, लक्षण सांगा. आणि खोलण्याआधी जे स्वस्त आहे ते स्वतः तपासा. यातील निम्म्याहून अधिक तपासण्यांना हत्यारही लागत नाही.

ताकद कोणत्या वाटेने जाते

दुखणे शोधायचे तर आधी वाट माहीत हवी. इंजिनात तयार झालेली ताकद प्रथम क्लचमध्ये येते, क्लचमधून गिअरबॉक्समध्ये, तेथून पुढच्या लहान चक्रीवर, चेनवरून मागच्या मोठ्या चक्रीवर आणि शेवटी मागच्या हबमधील रबरांतून चाकात जाते. या दोन चक्र्यांना गॅरेजमध्ये चेन स्पॉकेट म्हणतात.

आपल्या यंत्रमागवाल्या बंधूंना हे समजायला वेळ लागणार नाही. मोटर जोरात फिरते आहे पण पट्टा पुलीवर घसरतो आहे, तर माग हळू चालतो. तेव्हा कोणी मोटर बदलत नाही, आधी पट्ट्याचा ताण पाहतो. गाडीतही क्लच हा तसाच घसरू शकणारा जोड आहे. त्यात घर्षणाच्या आणि पोलादाच्या प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. आपण लिव्हर दाबतो तेव्हा स्प्रिंगांचा हा दाब उठतो, प्लेटा मोकळ्या होतात आणि इंजिन चाकापासून वेगळे होते. लिव्हर सोडला की दाब परत येतो. तेव्हा दुखणे दोनच प्रकारचे असू शकते. सोडल्यावर दाब पूर्ण बसत नाही, किंवा दाबल्यावर तो पूर्ण उठत नाही. पहिल्याला क्लच घसरणे म्हणावे, दुसऱ्याला क्लच चिकटणे.

पहिला प्रश्न : रेस वाढते की नाही?

"गाडी ओढत नाही" हे एक वाक्य आहे, पण त्यामागे वेगवेगळी दुखणी दडलेली असतात. त्यांना वेगळे करण्याची रीत सोपी आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी वरच्या गिअरमध्ये ताशी 35 ते 40 किलोमीटरवर आणा आणि एक्सलेटर एकदम पिळा. आता कान इंजिनाकडे आणि नजर रस्त्याकडे ठेवा.

इंजिनाचा आवाज चढत गेला, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. चढावर आणि माल लादल्यावर हे अधिक स्पष्ट दिसते.

आवाजही चढला नाही आणि वेगही वाढला नाही, तर दोष क्लचचा नाही. एअर फिल्टर चोंदला असेल, कार्बुरेटरमध्ये कचरा असेल, इंजिनाचे कॉम्प्रेशन कमी झाले असेल किंवा ब्रेक आवळून बसला असेल. ब्रेकची तपासणी फुकट आहे. इंजिन बंद करून गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचे चाक हाताने फिरवा. ते सहज फिरले पाहिजे. चार-पाच किलोमीटर ब्रेक न वापरता चालवूनही ड्रम तापलेला लागला, तर ब्रेक घासतो आहे. अशा गाडीला नव्या क्लच प्लेटा घालणे म्हणजे दात दुखतो म्हणून चष्मा बदलणे होय.

आवाज चढण्याऐवजी "खट्" असा झटका बसला आणि क्षणभर ओढ तुटली, तर चेन चक्रीच्या दातांवरून उडी मारते आहे किंवा गिअर निसटतो आहे. गिअर निसटला तर गाडी न्यूट्रलमध्ये गेल्यासारखी मोकळी होते आणि पुन्हा गिअर टाकावा लागतो. चेनने उडी मारली तर गिअर जागेवरच राहतो आणि ओढ लगेच परत येते. क्लच घसरताना झटका नसतो, आवाज अलगद चढतो. एवढा फरक ओळखला तरी निम्मे काम झाले.

घसरणाऱ्या क्लचची आणखी एक परीक्षा आहे. ती गरम इंजिनावर, सपाट मोकळ्या जागी आणि समोर कोणी उभे नाही हे पाहून करावी. दोन्ही ब्रेक घट्ट दाबा, वरचा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच सावकाश सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन गचका देऊन बंद पडेल. क्लच पूर्ण सुटल्यावरही इंजिन चालू राहिले तर प्लेटा घसरत आहेत. ही परीक्षा एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केल्यास चांगल्या प्लेटाही जळतात.

क्लच घसरतो : खोलण्याआधी तीन गोष्टी

पहिली गोष्ट लिव्हरची ढील. लिव्हर दाबायला सुरुवात केली की त्याच्या टोकाला थोडी मोकळी चाल असली पाहिजे. स्प्लेंडरसारख्या गाडीत ती साधारण 10 ते 20 मिलिमीटर असते. ही ढील अजिबात नसेल तर तुम्ही लिव्हर सोडूनही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो, स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटांवर बसत नाही आणि त्या रात्रंदिवस घासल्या जातात. प्लेटा झिजत जातात तशी ही ढील आपोआप कमी होत जाते, म्हणून दर आठवड्याला बोटाने तपासावी. लिव्हरजवळ आणि खाली इंजिनजवळ वायरच्या टोकाला स्क्रू असतात, त्यांनी ढील जुळवता येते. जुन्या बुलेटमध्ये याखेरीज आतल्या दांडीची जुळवणी वेगळी करावी लागते, ती माहितगाराकडून करून घ्यावी.

आमच्या कापडबाजारात एका फेरीवाल्याच्या गाडीत एका वर्षात दोन वेळा प्लेटा बदलल्या गेल्या होत्या. तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने हँडल डावीकडे पूर्ण वळवून पाहिले, तर लिव्हर ताणला जात होता. क्लच वायर चुकीच्या बाजूने ओढून बसवलेली होती. वायर नीट वाटेने घेतली आणि तक्रार संपली. म्हणून दुसरी गोष्ट ही की, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. लिव्हरची ढील सारखीच राहिली पाहिजे. वायरच्या टोकाला तार विसकटली असेल किंवा वायर अडकत, खरखरत चालत असेल, तर ती बदला. वायरची किंमत प्लेटांच्या सेटपुढे काहीच नाही.

तिसरी गोष्ट तेल. स्प्लेंडर, सीडी 100 आणि त्या धर्तीच्या फोर स्ट्रोक गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच यांचे तेल एकच असते. क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडून काम करतात. म्हणून मोटारीसाठी बनवलेले, घर्षण कमी करणारे तेल या गाड्यांत घातले की इंजिन मऊ चालते, पण क्लच घसरू लागतो. तेलाच्या डब्यावर मोटारसायकलची खूण पाहून घ्यावी. जपानमध्ये 1998 साली यासाठी प्रमाण ठरवण्यात आले. तेलातल्या क्लचच्या गाडीसाठी डब्यावर "जासो एमए" किंवा "एमए 2" असे असावे. "एमबी" लिहिलेले तेल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असते. तेल नुकतेच बदलल्यानंतर घसरणे सुरू झाले असेल तर संशय आधी तेलावर घ्या. योग्य तेल भरून काही दिवस चालवून पाहा, बऱ्याचदा प्लेटा वाचतात.

आरएक्स 100 आणि येझ्दीसारख्या टू स्ट्रोक गाड्यांत गिअरचे तेल वेगळे असते आणि क्लच त्यात असतो. या तेलाची पातळी बाहेर गळती नसताना कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर वाढला असेल, तर क्रँकचे सील फुटून गिअर ऑइल इंजिनात जात असण्याची शक्यता मोठी आहे. तेथे प्लेटा बदलून काही साधणार नाही.

क्लच चिकटतो : गिअर पडत नाही, न्यूट्रल सापडत नाही

सिग्नलला लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू पाहते, पहिला गिअर टाकताना मोठा "खटॅक" आवाज येतो, थांबल्यावर न्यूट्रल लागत नाही. ही क्लच चिकटण्याची लक्षणे आहेत. येथे पुष्कळजण गिअरबॉक्सला दोष देतात आणि इंजिन खोलण्याची भाषा सुरू होते. घाई करू नये. इंजिन बंद असताना हाच गिअर, गाडी थोडी मागेपुढे हलवत टाकून पाहा. सहज पडला तर गिअरबॉक्स बहुधा ठीक आहे आणि दोष क्लचकडे आहे.

सर्वांत साधे कारण म्हणजे ढील जास्त होणे. वायर ताणली गेली की लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेटा पुरत्या उठत नाहीत. ढील जुळवली की गिअर लोण्यासारखा पडतो. दुसरे कारण जुने, घट्ट झालेले तेल. तिसरे कारण आत असते. पोलादी प्लेटा वाकड्या झालेल्या असतात, किंवा ज्या पिंजऱ्यात प्लेटा सरकतात त्याच्या बोटांवर खाचा पडलेल्या असतात आणि प्लेटा त्या खाचांत अडकतात. असे असेल तर नव्या प्लेटा घालूनही चिकटणे जात नाही, कारण खाचा तशाच राहतात.

थंड इंजिनात, विशेषतः जुन्या बुलेटमध्ये, रात्रभर उभ्या गाडीच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. तो बिघाड नव्हे. गाडी सुरू करण्याआधी लिव्हर दाबून धरून दोन-चार किका मारल्या की त्या मोकळ्या होतात.

आवाज चाकाचा की इंजिनाचा?

गाडीतून कटकट किंवा घरघर येत असेल तर तो कोठून येतो हे ठरवण्याची रीत अशी. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना रेस सोडा आणि लिव्हर दाबून गाडी नुसती वाहू द्या. आवाज गाडीच्या वेगाबरोबर तसाच चालू राहिला तर तो चेन, चक्री किंवा चाकाच्या बेअरिंगचा आहे. इंजिनाची रेस उतरताच आवाजही उतरला तर तो इंजिनाचा किंवा क्लचच्या बाजूचा आहे. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, आणि आवाज लिव्हर दाबताच जातो, सोडताच येतो, तर क्लचचा पिंजरा किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टची बेअरिंग पाहावी लागेल. मिस्त्रीला एवढे सांगितले तरी त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमची मजुरीही.

चेन : सर्वांत दुर्लक्षित भाग

चेन पाहताना इंजिन बंद असलेच पाहिजे. चालू इंजिनावर चेनजवळ हात किंवा फडके नेऊन बोटे गमावलेले लोक आपल्यात आहेत. माल बांधण्याची दोरीही लोंबती ठेवू नये. ती चेनमध्ये किंवा आऱ्यांत गेली की माणूस आणि माल दोन्ही रस्त्यावर येतात.

गाडी मेन स्टँडवर घेऊन दोन चक्र्यांच्या मध्यावर चेन बोटाने वरखाली हलवा. झाकण असलेल्या गाडीत रबरी बूच काढून हे पाहता येते. हलण्याचे अंतर लहान गाड्यांत साधारण 20 ते 30 मिलिमीटर असावे, शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. चाक थोडे थोडे फिरवत सगळीकडे मोजा. जुनी चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल असते. ताण नेहमी ताठ जागेवर मोजून जुळवावा. फार घट्ट चेन ही सैल चेनइतकीच वाईट. माल लादल्यावर मागचा भाग दबतो, चेन आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टची बेअरिंग खाल्ली जाते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवूनच चाक आवळावे, नाहीतर चाक तिरके बसते.

चेन झिजली की नाही, हे दोन प्रकारे कळते. मागच्या चक्रीच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढा. ती दातांवरून उचलून अर्धा दात दिसू लागला तर चेन संपली आहे. दुसरा प्रकार मोजपट्टीचा. लहान गाड्यांत बहुधा 428 नंबरची चेन असते, तिच्या दोन पिनांमधील अंतर 12.7 मिलिमीटर असते. चेन ताणून धरून 21 पिना मोजा, म्हणजे मधली 20 घरे होतील. नव्या चेनमध्ये हे अंतर 254 मिलिमीटर भरते. ते 259 च्या आसपास गेले तर बदलण्याची वेळ झाली. चक्रीचे दात एका बाजूला आकड्यासारखे वाकले असतील तर चक्रीही गेली. चेन आणि दोन्ही चक्र्या एकत्रच बदलाव्यात. झिजलेल्या चक्रीवर नवी चेन टाकली तर ती थोड्याच महिन्यांत जुनी होते. जोडकडीची क्लिप बसवताना तिची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडे असली पाहिजे. उलटी बसली तर ती निघून चेन तुटू शकते.

साधी चेन रॉकेलने साफ करून, कोरडी करून, तिला 90 नंबरचे गिअर ऑइल लावावे आणि जादा तेल फडक्याने पुसावे. कापडवाल्यांनी हे पुसणे विसरू नये. उडालेला एक काळा थेंब पांढऱ्या ताग्याची किंमत उतरवतो.

गाडी निघताना थरथरत असेल किंवा रेस कमीजास्त करताना मागून गचके बसत असतील, तर सैल चेन आणि हबमधली झिजलेली रबरे आधी पाहा. चेन ताणलेली ठेवून मागची चक्री हाताने मागेपुढे हलवा. चाक न हलता चक्री बरीच हलली तर रबरे बदला. हे काम स्वस्त आहे, पण न केल्यास त्याचा मार चेन आणि गिअरवर जातो.

शेवटी क्लच खोलायचाच असेल तर

वरील सर्व ठीक असूनही क्लच घसरत असेल, तर तो खोलावा आणि शक्य तर स्वतः समोर उभे राहावे. प्लेटांची जाडी व्हर्निअरने मोजून पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहायला सांगा. पोलादी प्लेटा निळ्या पडल्या असतील तर त्या जळल्या आहेत. सपाट काचेवर ठेवून त्या डुलतात का ते पाहा. स्प्रिंगा एका ओळीत उभ्या करा, एखादी बुटकी दिसली तर सगळ्या बदला. पिंजऱ्याच्या बोटांवरून नख फिरवा, खाचा लागतात का पाहा. नव्या प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवाव्यात आणि स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. जुने भाग परत मागून घ्या. चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही, उलट गिऱ्हाईक जाणकार आहे हे त्याला कळते.

प्लेटा जळण्याचे मूळ पुष्कळदा आपल्या हातातच असते. गर्दीच्या गल्लीत अर्धा क्लच दाबून गाडी रेटणे, बोटे कायम लिव्हरवर ठेवणे, लादलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलणे, चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलणे, या सवयींनी सर्वांत महागड्या प्लेटाही टिकणार नाहीत. मालाचे वजनही पुस्तिकेतील मर्यादेत ठेवावे. एका फेरीऐवजी दोन फेऱ्या पडल्या तर थोडे पेट्रोल जाते, पण बाजाराच्या दिवशी माल घेऊन रस्त्यात उभे राहावे लागले तर पूर्ण दिवसाची कमाई जाते.

आठवड्यातून एक दिवस ठरवावा. जुम्म्याला दुकान थोडे उशिरा उघडते, तो वेळ यासाठी चांगला. लिव्हरची ढील, हँडल वळवून वायर, तेलाची पातळी, चेनचा ताण आणि मागच्या चाकाची मोकळी फिरकी, एवढ्या पाच गोष्टी पाहायला दहा मिनिटे लागतात. यांत काही चुकीचे दिसले तर वहीत तारीख घालून लिहून ठेवा आणि गॅरेजमध्ये जाताना ती वही बरोबर न्या.